बाईंची पाठ

तिला सर्जन व्हायचं होतं, पण स्तनांचीच सर्जन व्हायचं असं काही आधीपासून ठरलेलं नव्हतं. ते ठरलं मोज्यांच्या एका जोडीमुळे.

तेव्हा ती मोठ्या सरांच्या हाताखाली शिकत होती. मोठे सर म्हणजे त्या हॉस्पिटलातल्या सर्जरी विभागाचे प्रमुख. उंचीने बेताचे, पण सगळे त्यांना मोठे सरच म्हणत, आणि विभागात ती सगळ्यात लहान म्हणून ओघानेच 'धाकट्या मॅडम' झाली. सरांचं म्हणणं सरळ होतं. "गाठ गेली पाहिजे, बाई जगली पाहिजे. बाकी सगळे लाड." स्तनाचा कॅन्सर म्हटला की ते सबंध स्तन काढत, नीटस टाके घालत आणि पेशंटला घरी धाडत. त्यांच्या हातून बायका जगत, हे त्यांच्या शत्रूंनाही नाकारता आलं नसतं.

एकदा तपासणीच्या दिवशी एक बाई टेबलावर चढताना वाकली आणि तिच्या कपड्यांतून गुंडाळलेले मोजे खाली पडले. नवऱ्याचे असावेत, राखाडी रंगाचे. काढलेल्या बाजूची जागा भरायला तिने ते आत कोंबले होते. नर्सला हसू आवरलं नाही. बाईही हसली. "धुतलेले आहेत हो," म्हणाली. मग तिचं हसणं थांबेचना, आणि जरा वेळाने ते हसणं राहिलेलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मोठ्या सरांनी स्वतः वाकून मोजे उचलले, झटकले, तिच्या हातात दिले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. पण कुणाला तरी ठाऊक असणारच, असं तिच्या मनाने घेतलं.

तसं ज्यांना ठाऊक होतं त्या बाई दुसऱ्या एका शहरात होत्या. तिने त्यांच्याकडे जागा मिळवली. त्यांना ती मनातल्या मनात गुरुबाई म्हणायची. कॅन्सर पुरता काढायचा आणि त्याच ऑपरेशनमध्ये स्तनाचा आकारही परत घडवायचा, या कामाला ऑन्कोप्लास्टिक सर्जरी म्हणतात. गुरुबाई दिवसदिवस तेच करत. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटला उभं करून त्या मार्करने अंगावर रेघा मारत. कुठे कापायचं, कुठून कातडी फिरवायची, निपल कुठे न्यायचं, सगळं आधी अंगावर काढून ठेवायचं. कारण माणूस आडवं झालं की सगळे आकार पसरतात. तिला आधी हे काही केल्या जमेना. ती घरी जाऊन फोमच्या उशांवर रेघा मारत बसायची, कापायची, शिवायची. तिच्यासोबत राहायला आलेली आई वैतागायची. "सगळ्या उशांची ऑपरेशनं झाली. आता मी डोकं कशावर ठेवू? तुझ्या पुस्तकांवर?"

पण हात वळला. गुरुबाई कौतुक करण्यात कंजूष, तरी एकदा तिच्या टाक्यांवरून बोट फिरवून "हं" म्हणाल्या आणि तो 'हं' तिला बरेच दिवस पुरला. एका गोष्टीवर मात्र गुरुबाई टोकत. "तू बोलता बोलता पेन हातात घेतेस. पेन घेतलंस की पेशंटचं ऐकणं बंद होतं तुझं. आधी ऐक, मग चित्रं काढ."

शिकून ती आपल्या जुन्या हॉस्पिटलात परत आली तेव्हा मोठ्या सरांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "या. शोभेची कामं शिकून आलात." सर खवचट नव्हते, त्यांना मनापासूनच तसं वाटत होतं. स्वतंत्र ओपीडी आणि ऑपरेशनचा स्वतंत्र दिवस मागितल्यावर ते म्हणाले, "आधी काहीतरी करून दाखव. मग मीटिंगमध्ये बोलू." करून दाखवायला केस हवी होती. छोट्या गाठी काढून आतल्या आत आकार सावरण्याची कामं तिने केली, पण ती बाहेरून कुणाला दिसायची नाहीत. सबंध स्तन काढून नवा घडवला, असं एकही काम तिच्या नावावर नव्हतं. आणि मीटिंग काही महिन्यांवर आली होती.

अशात पोहण्याच्या बाई आल्या.

बाई चाळिशी ओलांडलेल्या होत्या. सडपातळ, खांदे रुंद, आखूड केस क्लोरीनने भुरे झालेले. सार्वजनिक तरणतलावावर त्या पोहायला शिकवायच्या आणि जीवरक्षक म्हणूनही काम करायच्या. डाव्या स्तनात दोन गाठी निघाल्या होत्या, एकमेकींपासून लांब. म्हणजे सबंध स्तन काढण्यावाचून इलाज नव्हता. सोबत नवरा आला होता, बसचा ड्रायव्हर, मांडीवर दोन्ही हात ठेवून गप्प बसलेला.

"काढा," बाई म्हणाल्या. "सपाट करून टाका. पाण्यात तेवढीच कमी अडचण."

"तसं लगेच ठरवू नका," ती म्हणाली आणि तिने पेन हातात घेतलं.

तिने कागदावर स्त्रीची पाठ काढली. बाईंच्या पोटावर चरबीच नव्हती, म्हणजे पोटाची कातडी वापरता येणार नव्हती. आत कृत्रिम पिशवी ठेवली आणि नंतर रेडिएशन द्यावं लागलं, तर ती आवळून कडक होण्याची भीती होती. राहिली पाठ. काखेपासून कमरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू असतो. तो वरच्या कातडीसकट सोडवायचा, काखेतली त्याची रक्तवाहिनी न तोडता पुढे छातीवर वळवून आणायचा आणि त्याचाच स्तन घडवायचा. तिने रेघा मारत मारत सगळं समजावलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण मला नकोच आहे ते."

"आत्ता तसं वाटतं. वर्षभराने आरशात बघाल तेव्हा वाटेल, केलं असतं तर बरं झालं असतं. मी अशा बायका पाहिल्यात." हे खोटं नव्हतं. मोज्यांवाली बाई तिच्या डोळ्यांसमोर होती.

बाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. त्याने घसा खाकरला. सबंध भेटीत तो एवढंच बोलला, "हिला पोहता येईल ना?"

"येईल की," ती म्हणाली. "जखमा भरल्या की थोड्या महिन्यांत पाण्यात असतील."

हेही खोटं नव्हतं. पण पाणी मागे ओढताना हाताला जोर देतो तो नेमका हाच स्नायू, हे तिने सांगितलं नाही. वल्हवण्याच्या शर्यती खेळणाऱ्या एका मुलीला हे ऑपरेशन करायला गुरुबाईंनी साफ नकार दिला होता आणि तेव्हा ती शेजारीच उभी होती. ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. मग तिने स्वतःला समजावलं की ही शिकवणारी बाई आहे. शिकवणारे काठावर उभे राहून शिट्टी वाजवतात.

"तुम्ही इतकं म्हणताय तर काहीतरी विचार करूनच म्हणत असाल," बाई शेवटी म्हणाल्या. "आम्हाला यातलं काय कळतंय."

ऑपरेशनच्या सकाळी तिने बाईंना उभं करून पाठीवर रेघा मारल्या. बाई अंग चोरत होत्या. "गुदगुल्या होतात हो मॅडम. ऑपरेशन परवडलं." दोघी हसल्या.

कॅन्सरचा भाग आधी पार पडला, नीट. मग बाईंना कुशीवर वळवून तिने पाठ उघडली आणि तिचा हात क्षणभर थांबला. इतका देखणा स्नायू तिने कधी पाहिला नव्हता. जाड, गर्द लाल, काठोकाठ भरलेला. मदतीला उभा असलेला डॉक्टर म्हणाला, "बापरे, काय मसल आहे!" कशाने झाला असेल तो असा, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. कितीतरी वर्षांच्या, पाण्यात घालवलेल्या पहाटा होत्या त्या. अजूनही पाठ शिवून टाकता आली असती. बाईंना सपाटच हवं होतं, जाग आल्यावर त्यांनी काही विचारलं नसतं. तिने चिमटा मागितला आणि काम पुढे सुरू केलं.

घडवलेला स्तन सुरेख झाला. दोन्ही बाजूंत फरक शोधावा लागे. काही महिन्यांनी मीटिंगमध्ये तिने पडद्यावर फोटो दाखवले, समोरून, बाजूने, मागून, आणि मोठे सर पुढे सरकून बसले. "हे तू केलंस?" मग त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. तिला ओपीडी मिळाली, ऑपरेशनचा दिवस मिळाला, दारावर पाटी लागली.

सुरुवातीच्या एका तपासणीला बाई म्हणाल्या होत्या, "मॅडम, डाव्या हाताला जोर नाही हो येत." तिने व्रण बघता बघता उत्तर दिलं, "येईल हळूहळू. व्यायाम करत राहा." पुढे बाईंच्या तपासण्या केमो देणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तिला त्या दिसेनाशा झाल्या.

वर्षं चांगली गेली. लांबलांबून बायका येऊ लागल्या. शिकायला मुलं-मुली आली. बोलावणी आली, ती व्याख्यानं देऊ लागली, आणि प्रत्येक व्याख्यानात बाईंचे ते फोटो असायचे, चेहऱ्याशिवाय. पुढे तिची मान धरायला लागली. तासन्‌तास वाकून उभं राहणाऱ्या सर्जनला हे दुखणं ठरलेलं. मानेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोहायला जा. "मला पोहता येत नाही," ती म्हणाली. ते म्हणाले, "मग शिका."

तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बाई बसल्या होत्या.

"अय्या, मॅडम!" बाईंनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून तिचा हात धरला. "तुम्ही इथे? या ना, आत या." आणि रांगेतल्या लोकांना मोठ्याने सांगितलं, "या माझ्या डॉक्टर. यांच्यामुळे आहे मी."

"तुम्ही आज इथे कशा, खिडकीत?"

"आता इथेच असते." बाईंनी सहज सांगितलं. "जीवरक्षकाची परीक्षा असते ना दर काही वर्षांनी. पाण्यातून माणसाएवढा रबरी पुतळा ओढत आणायचा. नाही जमलं. हात मारला की मी भलतीकडेच जाते, एका वल्ह्याची होडी फिरते ना गोल, तशी. मग म्हणाले, बाई, तुम्ही तिकिटं द्या. असू दे. इतक्या मोठ्या आजारातून उठले, थोडं काहीतरी जाणारच की."

तिला तिकीट घेऊन सरळ घरी जायचं होतं. पण बाई ऐकतात थोड्याच! दुपारी खिडकी बंद झाली की उथळ भागात मीच शिकवणार, दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

आणि मग ती शिकायला लागली, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. बाई फार सुंदर शिकवायच्या. कंबरभर पाण्यात उभं राहून तिच्या पाठीखाली हात धरायच्या. "मान सोडा मॅडम. सोडा म्हणजे सोडा, ती कुठे पळून जात नाही. गुडघे नका वाकवू, सायकल चालवताय का?" डावा हात दमला की त्या गुपचूप हात बदलायच्या आणि तिला ते पाठीला कळायचं. ओल्या पोहण्याच्या पोशाखात बाईंच्या पाठीचा डावा भाग तिला दिसायचा. जिथे भरदार उभार असायला हवा तिथे बशीसारखा खोलगट खळगा. तिने स्वतः मारलेल्या रेघेवरचा व्रण, अगदी बारीक, अगदी नीटस.

बाई कपडे बदलायच्या खोलीत बायकांना सांगायच्या, "बघा, ओळखू येतं का कुठला खरा? मॅडमची कमाल." ती टॉवेलमध्ये तोंड खुपसून केस पुसत राहायची.

घरी तिचं जेवणावरून मन उडालं. आईने आधी दोन दिवस बघितलं, मग विचारलं, आणि तिने सगळं सांगून टाकलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मग मला काय सांगतेस? माझा हात धड आहे. जिचा गेला तिला सांग."

"ती मला देव समजते, आई."

"म्हणून तर अडलंय तुझं. देवपण सोडवत नाहीये."

पुढच्या धड्यानंतर दोघी काठावरच्या बाकावर बसल्या होत्या. पलीकडे उंच खुर्चीवर एक तरुण जीवरक्षक जांभया देत होता. तिने सुरुवात कशी करायची ते खूपदा घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"बाई, तुमचा हात आजाराने नाही गेला."

"मग?"

"मी गेला. म्हणजे मी घालवला." शब्द धड येत नव्हते. "पाठीचा तो स्नायू पाणी ओढण्याचाच असतो. तो मी पुढे आणला. जोर जाणार हे दिसत होतं."

बाई टॉवेलची घडी घालत होत्या. "मग तसं सगळ्यांचंच होत असेल."

"होतं. पण आधी सांगतात. मी सांगितलं नाही. तुम्ही नको म्हणत होतात, आणि मला ते ऑपरेशन करायचं होतं. मला करून दाखवायचं होतं लोकांना."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मी काय काम करते ते ठाऊक होतं."

"हो."

बाईंनी समोर त्या खुर्चीकडे पाहिलं. "आणि सपाट केलं असतं तर?"

तिला 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. डॉक्टर तसंच म्हणतात. "तर बहुतेक तुम्ही आज तिथे बसला असता," ती म्हणाली.

बाईंनी घडी घातलेला टॉवेल मांडीवर ठेवला. पाण्यात पोरांचा गोंगाट चालू होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याने विचारलं होतं तुम्हाला. माझ्या नवऱ्याने. तो कुठे तोंड उघडत नाही, पण तुमच्यापुढे उघडलं. आणि एकच गोष्ट विचारली त्याने."

"हो."

"तुम्ही 'येईल की' म्हणालात. असं हसून." बाई उठल्या. "किती वर्षं मला वाटतंय, माझ्यातच काहीतरी कमी पडलं. व्यायाम कमी केला, जिद्द कमी पडली. पहाटे उठून मी एकटी त्या पुतळ्याबरोबर झटापट करायची. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

ती गेली नाही. मान दुखत राहिली, आणि दुखू दे असं तिला वाटत होतं.

पण मान दुखवून घेतल्याने बाईंचं काही भलं होणार नव्हतं, हेही तिला कळत होतं. तिने विभागाच्या मीटिंगमध्ये ती केस पुन्हा मांडली. तेच फोटो, आणि या वेळी बाकीचंही: नकार देणारी पेशंट, न सांगितलेली गोष्ट, गेलेलं काम. एक शिकणारी मुलगी रागाने तिच्याकडे बघत होती, आणि तिला ते बरं वाटलं. मोठे सर आता निवृत्तीला आले होते. ते तिच्यासोबत जिन्यापर्यंत चालत आले. "मी तर आयुष्यात कुणाला विचारलंच नाही, काय हवंय म्हणून," ते म्हणाले. "काढत गेलो. तू निदान विचारलंस."

"विचारलं आणि ऐकलं नाही, सर. ते जास्त वाईट."

सरांनी थोडा विचार केला. "हो," म्हणाले. "ते जास्त वाईट." आणि कठडा धरून खाली उतरले. त्यांनी तिची समजूत घातली नाही याचं तिला आश्चर्य वाटलं नाही.

नंतर एका ओपीडीच्या दिवशी, पेशंटची गर्दी असताना, दार न वाजवता बाई आत आल्या. मागे नवरा होता. त्या बसल्या नाहीत.

"तो स्नायू परत मागे लावता येतो का?"

"नाही."

"मला वाटलंच. मग आता काय करता येतं ते सांगा. खरं सांगा."

तिने पेनाला हात लावला नाही. आजूबाजूचे स्नायू थोडा भार उचलायला शिकतात, पण पूर्वीचा जोर येणार नाही. कदाचित त्या पुतळ्याच्या परीक्षेपुरता येईल, कदाचित तेवढाही नाही. खांद्याचं काम जाणणारी एक फिजिओथेरपिस्ट आहे, पण ती छळेल. एवढं सांगून झाल्यावर तिने आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बाईंनी हात वर केला. "माफी नका मागू. मागाल तर मला 'असू दे' म्हणावं लागेल, आणि मला ते म्हणायचं नाहीये."

नवरा दारात थांबला. "जोर थोडा तरी येईल?" त्याने विचारलं.

"थोडा येईल. किती ते मला खरंच माहीत नाही."

त्याने मान हलवली. या वेळी त्याला उत्तर पुरलं असावं.

बाई वर्षभर झटल्या. फिजिओथेरपिस्ट तिला कधीमधी कँटीनमध्ये भेटायची आणि सांगायची, "तुमची ती पेशंट मलाच शिकवते हो." परीक्षेच्या दिवशी ती वरच्या गॅलरीत मागच्या रांगेत जाऊन बसली, कुणाला न सांगता. बाईंनी पुतळा डाव्या हाताने नुसता धरला आणि उजव्या हाताने, कुशीवर पडून, पाणी कापत निघाल्या. होडी गोल फिरली नाही. सरळ आल्या. पण शेवटच्या भागात वेग पडला आणि शिट्टी वाजली तेव्हा काठ अजून हातभर लांब होता. बाईंनी पुतळा सोडला नाही. वेळ संपली तरी तो काठापर्यंत आणला, वर ढकलला आणि मग पायऱ्या चढून बाहेर आल्या. वर बघितलंही नाही.

तलावाच्या व्यवस्थापकाने त्यांना खिडकीतून मात्र उठवलं. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांचा एक वर्ग त्यांना दिला, उथळ पाण्यातला. तिथे पुतळे ओढावे लागत नव्हते. बाईंना तो आवडला का, हे तिला कळलं नाही. विचारण्याचा तिला हक्क उरला नव्हता.

तिचं काम चालूच होतं. आता नवी पेशंट आली की दिवसभरात हातांनी काय काय करता, हे ती आधी तिच्याकडून ऐकून घ्यायची. काही जणींचं मन त्यानेच मोकळं व्हायचं, काहींना ते वेळ काढणं वाटायचं. सपाट हवंय म्हणणाऱ्या बायकांसाठी सपाट जागाही देखणी कशी शिवायची हे ती मोठ्या सरांकडून नव्याने शिकली. त्यांच्याइतके सरळ टाके तिला अजून येत नव्हते. व्याख्यानांतून ते फोटो तिने काढून टाकले नाहीत. त्यांच्यापुढे आणखी एक फोटो लावला, पाठीच्या खळग्याचा. त्यासाठी परवानगी मागायला ती तलावावर गेली होती.

"घ्या," बाई म्हणाल्या होत्या. "पण पहिले फोटो घेतले तेव्हा मी खूश होते, हेही सांगा. नाहीतर तेही खोटंच होईल."

तेवढ्यावरून धीर येऊन तिने विचारलं होतं, "माझ्या नव्या पेशंटांशी कधी बोलाल का?"

"तुमची जाहिरात करायला?"

"नाही, उलट."

"उलटी जाहिरातही मला करायची नाही. मला माझा वर्ग आहे."

पुढे केमोचे डॉक्टर बदलून गेले आणि वार्षिक तपासणीला बाईंचं नाव तिच्या ओपीडीत आलं. तिला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाकडे पाठवा म्हणतील. त्या आल्या, टेबलावर आडव्या झाल्या, हात डोक्यामागे घेतला. तिने दोन्ही बाजू तपासल्या, काख तपासली, गळा तपासला. बाई छताकडे बघत होत्या. कुठे काही नव्हतं.

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"आज हाताला जे लागतं त्यावरून नक्की. उद्याचं सांगता येत नाही."

बाई उठून बसल्या, शर्टाची बटणं लावायला लागल्या. डाव्या हाताला वेळ लागत होता. तिने मदतीला हात पुढे केला नाही, बघतही राहिली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायचं की समोरच्या खोलीतल्या डॉक्टरांकडे, ते मी ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला बरं वाटेल तसं. ते चांगले आहेत."

"मी ठरवीन," बाई म्हणाल्या. पिशवी उचलून त्या दाराशी गेल्या, मग वळून तिच्या मानेकडे बघत म्हणाल्या, "मान अजून तशीच धरलीय तुम्ही. दुसरा कुणीतरी मास्तर बघा." आणि बाहेर गेल्या.

ती हात धुवायला वळली. नर्सने पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं.